बाणाच्या चिन्हामागचा पत्ता

जबलपूरच्या उच्च न्यायालयातच काय, देशातल्या कुठल्याही न्यायालयात ‘एडीएम जबलपूर’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. आणीबाणी, मिसा कायद्याखाली स्थानबद्ध झालेले शिवकांत शुक्ल, त्यांचा अर्ज ऐकून घेता येतो असं म्हणणारा जबलपूरचा आदेश, त्याविरुद्ध अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी केलेलं अपील आणि २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं दिलेला निकाल, हे सगळं त्या नावात येतं. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले होते, तेही त्यातच येतं. वकिलाला हा निकाल कोर्टापुढे ठेवायचा असेल तर तो सगळी पानं उतरवून काढत बसत नाही. अर्जात एक ओळ टाकतो : एआयआर १९७६ एससी १२०७. ग्रंथमालेचं नाव, साल, न्यायालय, पान. कपाटातला खंड काढला आणि पान उघडलं की निकाल समोर.

ही एआयआर, म्हणजे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, नागपूरची. व्ही. व्ही. चितळे यांनी १९१४ मध्ये सुरू केलेली. जबलपूरच्या वकिलीचं आणि नागपूरचं नातं तसंही जुनं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरच्या उच्च न्यायालयाचं मध्य प्रदेश उच्च न्यायालय होऊन त्याचं आसन जबलपूरला आलं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला नागपूरचे शेवटचे मुख्य न्यायाधीश आणि जबलपूरचे पहिले. न्यायालयानं गाव बदललं, पण ‘एआयआर १९५५ नागपूर’ अशा पत्त्यावरचा निकाल जिथल्या तिथे राहिला. छापलेल्या पानाला चालता येत नाही, ही त्याची मोठी सोय आहे.

आणखी एक गंमत. एडीएम जबलपूरचा निकाल एकच, पण त्याचे पत्ते निदान तीन. एआयआरमधला वर दिलेला, ‘(१९७६) २ एससीसी ५२१’ हा दुसरा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत मालिकेतला ‘१९७६ सप्लिमेंट एससीआर १७२’ हा तिसरा. तिन्ही दारांनी आत गेलं तरी खोली तीच. आता तर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या निकालांवर कुठल्याही प्रकाशकाचं नाव नसलेला क्रमांक येतो, त्यात जबलपूर ‘जेबीपी’ या तीन अक्षरांत मावतं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एडीएम जबलपूर अखेर रद्दबातल ठरलं. मूळ निकालात बहुमतासोबत गेलेले यशवंतराव चंद्रचूड आणि तो चुकीचा होता असं लिहिणारे धनंजय चंद्रचूड, पितापुत्र. त्याच तारखेला, बावीस वर्षं आधी, २४ ऑगस्ट १९९५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज ९५ बाजारात आणलं होतं. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण वकिलांनी कागदावर शतकभर चालवलेली युक्ती, म्हणजे वस्तू एका जागी ठेवायची आणि तिचा पत्ता हव्या तितक्या ठिकाणी, घरगुती कॉम्प्युटरच्या पडद्यावर सर्वसामान्यांच्या हाती पडली ती त्या दिवसापासून. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात छोटासा वाकडा बाण. त्याला नाव मिळालं शॉर्टकट.

कल्पना मायक्रोसॉफ्टची नव्हती. १९६५ साली रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी मल्टिक्स या यंत्रणेसाठी फाइली कशा रचाव्यात यावर एक निबंध मांडला. मल्टिक्स हा एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांचा संयुक्त उद्योग. आज आपण ज्याला फोल्डरात फोल्डर म्हणतो ती उतरंड त्या निबंधात आहे, आणि एका फोल्डरातली नोंद दुसऱ्या फोल्डरातल्या नोंदीकडे बोट दाखवू शकते ही सोयही आहे. एकाच मोठ्या यंत्रावर अनेक माणसं काम करणार, प्रत्येकाला तोच प्रोग्रॅम हवा, आणि प्रत्येकासाठी वेगळी प्रत ठेवायला जागा कुणाकडे होती?

बेल लॅब्ज मल्टिक्समधून बाहेर पडली. तिथल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहिलं तेव्हा या प्रश्नाचं वेगळं उत्तर काढलं. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलात ‘एलएन’ ही आज्ञा आहे. युनिक्समध्ये फाइल आणि फाइलीचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी. फाइलीला एक क्रमांक असतो. फोल्डर म्हणजे नावं आणि क्रमांक यांची यादी. एकाच क्रमांकाला दोन नावं दिली तर दोन्ही सारखीच खरी. त्यातलं मूळ कुठलं आणि दुय्यम कुठलं हा प्रश्नच उरत नाही. एडीएम जबलपूरचे तीन पत्ते तसेच. किती नावं एका फाइलीला लागली आहेत याचा आकडा यंत्रणा जपते. एक नाव पुसलं की आकडा एकानं कमी होतो आणि शून्यावर आला की मगच जागा मोकळी होते. याला हार्ड लिंक म्हणतात, आणि जागेच्या हिशेबात तिच्याइतकी स्वस्त गोष्ट नाही: यादीत एक ओळ वाढते, बास.

पण तिचे पाय बांधलेले असतात. फाइलीचा क्रमांक त्या डिस्कपुरताच. दुसऱ्या डिस्कवर त्याच क्रमांकाची भलतीच फाइल असणार. फोल्डरला अशी दोन नावं द्यायलाही सहसा मनाई, कारण एखादा फोल्डर स्वतःच्याच पोटात शिरला तर यंत्र गोल गोल फिरत राहील. म्हणून १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये सिम्बॉलिक लिंक आली. तिच्यात क्रमांक नसतो, अक्षरांत लिहिलेला रस्ता असतो. पुढे लिनक्समधल्या ईएक्सटी२ या रचनेनं त्यातही काटकसर केली. रस्ता साठ बाइटांहून छोटा असेल तर तो फाइलीच्या नोंदपत्रातच लिहायचा, डिस्कवर वेगळी जागा घ्यायचीच नाही.

घरगुती कॉम्प्युटरवर पहिली चाल ॲपलनं केली. १३ मे १९९१ रोजी आलेल्या सिस्टिम ७ मध्ये ‘एलियस’ होता आणि त्याचं नाव तिरक्या अक्षरांत दिसे. तो हुशार होता. रस्त्यासोबत फाइलीचा अंतर्गत क्रमांकही लक्षात ठेवायचा, त्यामुळे त्याच डिस्कवर मूळ फाइल दुसऱ्या फोल्डरात नेली तरी तिला गाठायचा. १९९२ मध्ये आयबीएमच्या ओएस/२ मध्ये ‘शॅडो’ आला. विंडोज ३.१ मध्ये प्रोग्रॅम मॅनेजरच्या चौकटींत चित्रं असत, पण ती त्या चौकटींपुरतीच. उचलून प्रोग्रॅम मॅनेजरच्या बाहेर ठेवायची सोय नव्हती. विंडोज ९५ नं ती दिली आणि त्यासाठी जो मार्ग निवडला त्याचे परिणाम पुढे पंचवीसतीस वर्षं भोगावे लागले. शॉर्टकट ही त्यानं एक साधी फाइल केली. नावापुढे एलएनके हे शेपूट, आणि ते शेपूट वापरणाऱ्याला कधी दिसणार नाही अशी तजवीज.

या फाइलीत असतं काय? सुरुवातीला ७६ बाइटांचा ठरावीक मथळा. त्यात मूळ फाइलीच्या तीन तारखा (केव्हा तयार झाली, केव्हा उघडली, केव्हा बदलली), तिचा आकार, कुठलं चित्र दाखवायचं, कुठली कळ दाबली की उघडायचं. आकारासाठी जागा फक्त ३२ बिटांची, त्यामुळे चार जीबीच्या वरच्या फाइलीचा आकार तिथे अपुरा नोंदला जातो. मथळ्यानंतर डेस्कटॉपपासून फाइलीपर्यंतच्या पायऱ्या, मग डिस्कचा अनुक्रमांक आणि तिचं नाव, मग पूर्ण रस्ता, कुठल्या फोल्डरात राहून काम करायचं, प्रोग्रॅमला काय जास्तीचं सांगायचं. विंडोज २००० पासून, ज्या यंत्रावर मूळ फाइल होती त्याचं नावसुद्धा. पत्त्याच्या मानानं ही माहिती जरा जास्तच म्हणायची. सायबर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्यांना मात्र ती पर्वणी आहे. पेन ड्राइव्ह काढून नेला, त्यातली फाइल पुसली, तरी ती उघडताना विंडोजनं आपणहून ‘रीसेंट’ फोल्डरात बनवून ठेवलेला शॉर्टकट सगळं सांगत बसतो.

इतकं सगळं भरूनही विंडोज ९५ च्या काळातला शॉर्टकट चार-पाचशे बाइटांचा असे. डिस्कवर तो किती जागा खाई, हे मात्र त्याच्या आकारावर अवलंबून नव्हतं. ते ठरत होतं हिशेबाच्या एका जुन्या वहीवर.

त्या वहीचं नाव फॅट१६. डॉसपासून आलेली ही रचना डिस्कचे सारखे तुकडे पाडते, त्यांना क्लस्टर म्हणतात, आणि प्रत्येक तुकड्याला सोळा बिटांचा क्रमांक देते. सोळा बिटांत साडेपासष्ट हजारच क्रमांक मावतात. डिस्क मोठी झाली की तुकडे वाढवता येत नाहीत. प्रत्येक तुकडाच मोठा करावा लागतो. १२८ एमबीच्या आतल्या डिस्कवर क्लस्टर दोन केबीचा, अर्धा जीबी ओलांडला की सोळाचा, एक जीबीपासून दोन जीबीपर्यंत बत्तीस केबीचा. आणि एक क्लस्टर एकाच फाइलीला. त्यात चारशे बाइट असले तरी उरलेली जागा दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

म्हणजे १९९६ साली ज्यानं हौसेनं सव्वा-दीड जीबीची हार्ड डिस्क घेतली, त्याचा प्रत्येक शॉर्टकट ३२,७६८ बाइट अडवून बसे. स्टार्ट मेन्यूतल्या नोंदीही शॉर्टकटच. असे शंभर धरले तर आतला मजकूर चाळीस केबीच्या आसपास आणि अडलेली जागा ३,२०० केबी, दोन फ्लॉप्यांहून जास्त. त्याहून मजा अशी की तोच शॉर्टकट १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर नेला तर तिथे त्याला ५१२ बाइटच लागत, कारण फ्लॉपीचा क्लस्टर तेवढाच. ज्या डिस्कवर जागा मुबलक तिथे तो चौसष्ट पट महाग, आणि जिथे जागेची चणचण तिथे स्वस्त.

ऑगस्ट १९९६ मध्ये विंडोज ९५ ची सुधारित आवृत्ती फॅट३२ घेऊन आली. तिच्यात आठ जीबीपर्यंतच्या डिस्कवर क्लस्टर पुन्हा चार केबीवर उतरला. एनटीएफएस ही तिसरी रचना १९९३ पासूनच विंडोज एनटीमध्ये होती, पण घराघरांत पोचली ती २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर. तिथे प्रत्येक फाइलीचं एक केबीचं नोंदपत्र असतं आणि सुमारे सातशे बाइटांपर्यंतची फाइल त्या नोंदपत्रातच मावते. एक्सपीच्या काळातले आटोपशीर शॉर्टकट असे फुकटात राहिले. आजचे मात्र बहुधा एक-दोन केबीचे, म्हणून प्रत्येकी चार केबी. हजार शॉर्टकट म्हणजे चार एमबी. मोबाइलवरचा एक बरा फोटो तेवढी जागा घेतो.

तरीही डेस्कटॉपवरची चित्रं पुसून ‘जागा केली’ असं समाधान मानणारे कमी झालेले नाहीत. जबलपूरच्या मढातालात जयंती कॉम्प्लेक्स आहे, शहराचा कॉम्प्युटर आणि मोबाइलचा बाजार. कुठल्याही गावातल्या अशा बाजारात बसणाऱ्याला दोन तक्रारी पाठ असतात. पहिली : सी ड्राइव्ह भरला, सगळे आयकॉन डिलीट केले, तरी लाल पट्टी जात नाही. दुसरी उलट आणि जास्त केविलवाणी. फाइल पेन ड्राइव्हवर ‘कॉपी’ करून आणली, इथे उघडत नाही. फाइल आणलेलीच नसते, बाणाचं चित्र तेवढं आणलेलं असतं. २००६ मध्ये मध्य प्रदेश सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी मिळून एमपीऑनलाइन सुरू केलं आणि राज्यभर अर्ज भरून देणारी दुकानं उघडली, तेव्हापासून अशा पेन ड्राइव्हना आणखी एक मुक्काम मिळाला. फाइलीचा आकार बघायची सवय असती तर फसगत टळली असती: पदवीचा प्रकल्प दीड केबीत मावत नाही.

मढातालाचं नाव निघालंच आहे. जुने जबलपूरकर बावन ताल आणि चौऱ्याऐंशी तलय्या मोजतात. राणीताल राणी दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि आधारताल दिवाण आधारसिंहाचा अशी सांगोवांगी. त्यातल्या कितीतरी तळ्यांचं पाणी गेलं. भंवरतालावर बाग आहे, राणीतालावर स्टेडियम, हाथीताल ही वसाहत, मढातालावर बाजार. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो बरोबर नेऊन सोडतो, फक्त तिथे तळं नसतं. शॉर्टकटचा रोग नेमका हाच. मूळ फाइल हलवली किंवा पुसली तरी शॉर्टकटला त्याची खबर नसते. युनिक्सच्या हार्ड लिंकसारखा आकडा कुणी राखलेला नसतो. चित्र तसंच, नाव तसंच, आणि चार केबीही तसेच अडलेले.

विंडोज ९५ नं यावर एक उपाय केला होता आणि तो बघणाऱ्यांच्या चांगला स्मरणात असेल. पडद्यावर एक बॅटरी इकडून तिकडे प्रकाश टाकत हरवलेली फाइल शोधू लागे. शॉर्टकटमध्ये जपलेली तारीख आणि आकार तिथे कामी येत. तंतोतंत फाइल नाही सापडली तर आकार, तारीख आणि प्रकार यांवरून सर्वांत जवळची अशी एखादी पुढे करून ‘ही चालेल का?’ असं विचारलं जाई. पत्रलेखनाचा प्रोग्रॅम शोधायला निघालेल्याला पत्त्यांचा खेळ सुचवणारं हे सौजन्य पुष्कळांनी अनुभवलं. विंडोज २००० मध्ये एनटीएफएसच्या फाइलींना स्वतंत्र ओळख-क्रमांक देऊन त्यावरून माग काढायची सोय झाली. सिस्टिम ७ च्या एलियसनं नऊ वर्षांपूर्वी केलेलंच काम, थोड्या मोठ्या प्रमाणावर.

पत्ता ही फाइल करण्यातला खरा धोका वेगळाच निघाला. चित्र दाखवायचं काम विंडोज आपणहून करतं, त्यासाठी क्लिक लागत नाही. जून २०१० मध्ये बेलारूसच्या व्हायरसब्लोकाडा या छोट्या कंपनीला एक किडा सापडला. पेन ड्राइव्हवरचा फोल्डर नुसता उघडून पाहिला, आत ठेवलेल्या शॉर्टकटचं चित्र पडद्यावर काढायला विंडोज निघालं, की त्या भरात किड्याचा प्रोग्रॅम चालू होई. हा स्टक्सनेट. नातान्झमधली इराणची युरेनियम समृद्धीची यंत्रं त्याचं लक्ष्य होती. पण पेन ड्राइव्हला सरहद्द कळत नाही. सिमँटेकनं मोजलेल्या बाधित यंत्रांत इराण आणि इंडोनेशियाखालोखाल भारत होता, सुमारे आठ टक्क्यांनी. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती २ ऑगस्ट २०१० रोजी आली.

स्टक्सनेटसारखं कौशल्य नसलेल्या किड्यांनीही मग शॉर्टकटलाच हाताशी धरलं. त्यांची रीत सोपी होती. पेन ड्राइव्हमधले खरे फोल्डर अदृश्य करायचे आणि त्याच नावाचे, फोल्डरासारखेच दिसणारे शॉर्टकट ठेवायचे. दाबलं की आधी किडा चालतो, मग खरा फोल्डर उघडतो; वापरणाऱ्याला शंका येत नाही. ‘शॉर्टकट व्हायरस’ हा शब्द त्या काळात झेरॉक्सच्या दुकानापासून कॉलेजच्या प्रयोगशाळेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होता. ज्यांनी आयुष्यात कधी काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिली नाही त्यांनीही लपवलेले फोल्डर परत दिसावेत म्हणून ‘अ‍ॅट्रिब’ आज्ञा वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवली. असे किडे मारण्याच्या धंद्यात मराठी नाव आहे ते पुण्याच्या क्विक हीलचं. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात तो अँटिव्हायरस बाजारात आणला. मायक्रोसॉफ्टनं निवडलेल्या सोयीची किंमत अशी बऱ्याच जणांनी चुकवली आणि काहींनी कमावलीही.

जागेच्या हिशेबातला घोळ मात्र संपला नाही, त्यानं रूप बदललं. २००७ च्या विस्टापासून विंडोजच्या पोटात युनिक्सच्या हार्ड लिंका सढळ हातानं वापरल्या जातात. ‘विनएसएक्सएस’ नावाच्या फोल्डरात यंत्रणेच्या फाइली असतात आणि त्याच फाइलींना दुसऱ्या फोल्डरांतही नावं लावलेली असतात. एक्सप्लोरर दोन्हीकडे त्या मोजतो. त्यामुळे तो फोल्डर आहे त्यापेक्षा बराच फुगलेला दिसतो, आणि जागेच्या शोधात निघालेला माणूस नेमका त्याच्यावरच कुऱ्हाड घालायला जातो. तसं केलं की विंडोज पुन्हा टाकण्याची वेळ येते.

२०१७ च्या ऑक्टोबरात विंडोज १० मध्ये वनड्राइव्हची ‘फाइल्स ऑन-डिमांड’ ही सोय आली. फाइल दूरच्या सर्व्हरवर, इथे तिची नुसती नोंद. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या की दोन ओळी दिसतात. पहिली ‘साइज’, तीन जीबी. दुसरी ‘साइज ऑन डिस्क’, शून्य बाइट. फॅट१६ च्या जमान्यात चारशे बाइटांच्या फाइलीपुढे बत्तीस केबी लिहिलेलं असे, आता गणित उलटं झालं. अशा फाइलीचा डेस्कटॉपवर कुणी शॉर्टकट करून ठेवला, तर तो नेहमीसारखा चार केबी घेतो. म्हणजे त्या कॉम्प्युटरवर पत्ता चार केबीचा आणि पत्त्यावरची वस्तू शून्याची.